मागचा दात कोण बघतंय

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच केराच्या डब्यात टाकलं नसशील, तर नमस्कार. टाकलं असशील तर प्रश्नच मिटला, मी माझ्याशीच बोलतोय असं समजेन.

चार वर्षांनी लिहितोय. फोन करणार होतो, दोनदा नंबर काढलाही. पण तू "कोण बोलतंय?" म्हणून विचारलंस तर काय सांगायचं तेच सुचेना. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्येच बसून लिहितोय. कागदाला मेणाचा वास येत असेल तर नाक मुरडू नकोस. माझ्या सगळ्याच कपड्यांना येतो, तुझी भावजय रोज मुरडते.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भाचीची बदली झाली, आता चार तासांवर राहते. जावई बरा आहे, कमी बोलतो. माझे गुडघे कुरकुरतात. मालक म्हातारे झाले पण ओरडायचं विसरलेले नाहीत. मीच आता लॅबमधला सगळ्यांत जुना माणूस. कवळ्या, निम्म्या कवळ्या, एखाद-दुसऱ्या दाताचं काम, सगळं शेवटी माझ्या टेबलावर येतं.

पत्राचं कारण म्हणशील तर दातच. मागे भाची म्हणाली होती की आत्या एका बाजूनेच जेवते. तेव्हापासून मनात होतं. ताई, गेलेल्या दाताच्या जागी दात बसवून घेतला पाहिजे. एक दात पडला की बाकीचे आपापल्या जागी शहाण्यासारखे उभे राहतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. शेजारची सीट रिकामी झाली की बसमधला माणूस जसा पाय पसरतो, तसा शेजारचा दात त्या जागेत कलायला लागतो. वरच्याला टेकायला खाली कुणी उरत नाही, म्हणून तो खाली उतरत येतो. मग त्या वेड्यावाकड्या फटींत अन्न अडकतं, ते कुजतं आणि आणखी दात जातात. हिरडीच्या आतलं हाडसुद्धा काम नाही म्हणून झिजत जातं. गाल बसतो, बोलणं बदलतं.

अकरा वर्षांपूर्वी तू मला हेच विचारायला आली होतीस आणि मी म्हणालो होतो, "मागचा दात कोण बघतंय? राहू दे." त्या वेळी आम्ही सगळेच तसं समजायचो गं. आता शास्त्र पुढे गेलंय.

पोरीच्या लग्नात जे झालं ते झालं. बायकांचं बायकांत काहीतरी होतं, त्यात मी पडत नाही. पण तू माझी बहीण आहेस आणि मला तुझी काळजी वाटते. दात बसवून घे, एवढंच.

तुझा,
बोळक्या

(हे नाव तूच ठेवलं होतंस, दुधाचे दात पडले तेव्हा. अजून कुणाला माहीत नाही. लॅबमध्ये कळलं तर माझं काही खरं नाही.)

सोमवार, १० फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण ते पत्र पेटीत टाकल्यापासून मला अन्न गोड लागत नाहीये, कारण त्या पत्रात मी तुला फसवलंय.

भाची काही म्हणाली नव्हती. तुझं तोंड माझ्या टेबलावर होतं.

आमच्याकडे कसं येतं ते तुला माहीत नाही. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, गुलाबी लगद्यासारखं असतं ते. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीतून आमच्याकडे येतं, सोबत चिठ्ठी. आम्ही त्यात प्लास्टर ओततो, वाळलं की सोलून काढतो. वरचा जबडा एक, खालचा एक. मी चिठ्ठीवरचं नाव आधी कधीच वाचत नाही. तीस वर्षांची सवय आहे, आधी तोंड बघायचं, मग माणूस.

वरचा साचा हातात घेतला. समोरच्या उजव्या दाताचा कोपरा तिरका तुटलेला. तसा कोपरा कुणाचाही तुटेल. मी अंगठा फिरवला त्याच्यावरून, आणि मला ती उतरणीवरची सायकल आठवली. मागे मी बसलेलो, तू पुढे, आणि मी "ब्रेक लाव, ब्रेक लाव" म्हणत तुझे डोळे झाकलेले. घरी तू सांगितलंस की पायरीवर पडले. माझं नाव घेतलं नाहीस.

मग चिठ्ठी वाचली. तुझंच नाव, वय एकसष्ट.

तुझ्या त्या चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई आमच्याकडे काम पाठवतात हे तुला माहीत नसणार. माहीत असतं तर तू दुसरा दवाखाना गाठला असतास.

साचा खोटं बोलत नाही, ताई. खाली डावीकडे तो पहिला दात नाही, ज्याच्याबद्दल तू विचारायला आली होतीस. त्याच्या मागचा पुढे कलंडला असणार, कारण तोही आता नाही. वरचा लोंबत खाली आला असणार, तोही काढलेला. तिथलं हाड सुरीच्या धारेसारखं झालंय. उजव्या बाजूचे दात घासून सपाट झालेत, म्हणजे अकरा वर्षं तू एकाच बाजूने चावतेयस. ती बाजू दुखायला लागली तेव्हा पुढच्या दातांनी चावलं असशील, म्हणून तुटक्या कोपऱ्याच्या शेजारचा समोरचा दातही गेला. एक एक करून सगळं लिहिलेलं होतं. आणि पहिली ओळ माझी होती.

ते शास्त्र पुढे गेल्याचंही खोटं. हे सगळं आम्ही कामाला लागलो त्या पहिल्या महिन्यातच आम्हाला शिकवलं होतं. तू आलीस त्या दिवसाची गोष्ट अशी. त्याच्या आधीच्या महिन्यात मी सासऱ्यांची कवळी मालकांना न विचारता लॅबमध्ये केली होती. त्यांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली आणि नियम केला, नातेवाइकांचं काम करायचं असेल तर आधी विचारायचं. म्हणजे मला त्यांच्यासमोर जाऊन तोंड वेंगाडावं लागलं असतं. मी डबा खात होतो. तू स्टुलावर बसलीस, गालाला हात लावून. "डॉक्टर म्हणतात लगेच बसवून घ्या. तू काय म्हणतोस?" म्हणालीस. "मला विचारायची लाज वाटते" म्हणण्यापेक्षा "गरज नाही" म्हणणं सोपं होतं. तू लगेच मान डोलावलीस. "तू म्हणतोस तर नको. घरात तज्ज्ञ असताना डॉक्टरचं कशाला ऐकू?"

त्यानंतर तू ग्रंथालयातलं शनिवारचं वाचन सोडलंस. मुलांना गोष्ट वाचून दाखवताना "स"ला हवा निसटते, पोरं हसतात, असं भाचीने सांगितलं होतं. हे मात्र तिने खरंच सांगितलं होतं. मी म्हणालो, वय झालं आता आत्याचं.

काम मीच करतोय. दुसऱ्या कुणाला हात लावू दिलेला नाही. परवा मेणावर दात मांडून डॉक्टरीणबाईंकडे पाठवलेत, तुझ्या तोंडात बसतात का बघायला. मनापासून केलेत. तुला नको असेल तर त्यांना सांग, मी काम दुसऱ्याकडे देईन.

बोळक्या

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ताई,

एकाच दिवशी दोन गोष्टी आल्या. सकाळी मेणावरचे दात परत आले, दुपारी तुझं कार्ड.

आधी दातांचं सांगतो, ते सोपं आहे. डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीत लिहिलंय, "उंची फार जास्त. पेशंटला ओठ मिटता येत नाहीत. समोरचा दात फार पुढे. पेशंट म्हणतात, हे दात दुसऱ्या कुणाचे तरी आहेत."

बरोबर म्हणालीस. ते तुझे नव्हतेच. साच्याबरोबर तुझी चावण्याची मेणाची पट्टी आली होती, तुझे जबडे आता किती जवळ येतात ते दाखवणारी. मी ती बाजूला ठेवली. इतकी वर्षं मी शिकाऊ लोकांना सांगतोय, "माणूस आलाय तसा मोजा, तुम्हाला हवा तसा नाही." आणि मी स्वतः आठवणीतून दात मांडले. तू नोकरीला लागलीस तेव्हा जशी हसायचीस ना, ते हसू डोळ्यांसमोर ठेवून. गाल भरलेले, समोरचे दोन दात जरा पुढे. तीस वर्षांपूर्वीच्या तोंडाचे दात आजच्या तोंडात घालायला निघालो होतो, म्हणजे मधलं काही झालंच नाही असं होईल. नव्या शिकाऊ माणसाने असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

मालकांनी चिठ्ठी वाचली. "तुझ्याकडून?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सांगितलं, माझी बहीण आहे. ते म्हणाले, "मग आधी का नाही बोललास? घरचं माणूस म्हणजे जास्त नीट करायचं असतं." अकरा वर्षं ज्याला घाबरलो तो माणूस एवढंच बोलला.

पुन्हा मांडतोय. तुझी पट्टी समोर ठेवून, तसूभरही इकडेतिकडे नाही.

आता तुझं कार्ड. चार ओळी आहेत, मला पाठ झाल्यात. "दात तू कर, माझी हरकत नाही. त्या वेळी तू जे सांगितलंस ते मीच ऐकलं, अक्कल माझीही कमी पडली. पण लग्नात तुझ्या बायकोने मला चारचौघांत जे केलं ते मी विसरलेले नाही. तिने माफी मागितली तर येणंजाणं सुरू करू."

कार्ड उघडंच असतं. ते लॅबच्या पत्त्यावर पाठवलंस तरी त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण मी ते खिशात घालून घरी नेलं आणि शर्ट धुवायला काढताना हिला मिळालं. तिने वाचलं. खाली बसली. मी म्हटलं, आता विचारणार, मी काय केलं होतं? तर म्हणाली, "मागते की माफी. माझं काय जातंय? तुम्ही दोघं भावंडं तरी बोलायला लागाल."

ती पत्र लिहायला बसली आहे. मनाने चांगली आहे गं ती. तू तिला एकदा समजून घे.

बोळक्या

सोमवार, २४ फेब्रुवारी

ताई,

तिचं पत्र तुला मिळणार नाही. तिने ते माझ्याकडे पेटीत टाकायला दिलं होतं. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे, मेणाच्या कांड्यांखाली. सहा दिवस झाले.

मी ते फोडून वाचलं. त्यात लिहिलंय, "वन्सं, तुमचं मन दुखावलं याचं मला फार वाईट वाटतं. माझं काय चुकलं ते मी चार वर्षं आठवून बघितलं, मला सापडलं नाही. पण तुम्ही उगाच रागावणाऱ्यातल्या नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. मोठ्या मनाने माफ करा."

हे वाचल्यावरही मी ते चिकटवून पाठवणार होतो. हे तुला कळायला हवं. डिंकाची बाटली हातात घेतली होती. एवढं पत्र पोचलं की सगळं निस्तरत होतं. तुझा राग गेला असता, हिला बरं वाटलं असतं आणि मी दोघींच्या मध्ये बसून जेवलो असतो. आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात, पण मी तर दुसरीच्याच ओठांवर भागवत होतो.

ताई, फोटोग्राफरला मी सांगितलं होतं.

लग्नाला सगळे डॉक्टर आले होते. आम्हाला काम देणारे, मोठे मोठे. घरची माणसं आणि डॉक्टर मंडळी असा एक मोठा फोटो काढायचा ठरला. तू पुढच्या रांगेत येऊन उभी राहिलीस, माझ्याशेजारी, आणि कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून खळखळून हसलीस. समोरचा दात नाही, बाजूला सगळं खिंडार. माझ्या पलीकडे दोन डॉक्टर होते. त्यातला एक तुझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने माझ्याकडे बघायच्या आत मी रांगेतून निघालो, फोटोग्राफरच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, "त्या निळ्या कपड्यातल्या बाईंना मागे घ्या. आणि तोंड मिटून हसायला सांगा." "त्या बाई" म्हणालो. "माझी बहीण" म्हणालो नाही.

मला वाटलं तो हळूच सांगेल. त्याने सगळ्यांसमोर हाक मारली. "ओ मावशी, तोंड मिटा आणि मागच्या रांगेत जा!" तू विचारलंस, का? तो म्हणाला, "घरच्यांनी सांगितलंय." तू घरचं कोण ते शोधत मान फिरवलीस. ही तेव्हा फोटोग्राफरच्या बाजूला उभी राहून रांगा लावत होती, याला इकडे घ्या, त्याला तिकडे घ्या, असे हात करत. तुझी नजर तिच्यावर थांबली. मला ते दिसलं. तू काय समजलीस ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी कोटाचं बटण लावत राहिलो. लागलेलंच बटण.

तू न जेवता गेलीस. आणि चार वर्षं माझ्या बायकोने तुझ्या रागाचं ओझं उचललं, कशाचं आहे हेही माहीत नसताना. मला सोयीचं होतं. तुम्हा दोघींचं भांडण आहे म्हटलं की माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

ज्या तोंडाची मला लाज वाटली ते मीच तसं केलं होतं. हे तेव्हाही माहीत होतं. लाज म्हणूनच तर जास्त वाटली.

दात तयार आहेत. या वेळी उंची बरोबर आहे, मी सहा वेळा तपासली. समोरचा नवा दात अगदी सरळ केलेला नाही, शेजारच्या तुटक्या कोपऱ्याला शोभेल इतपतच. शुक्रवारी डॉक्टरीणबाई बसवतील. पहिले आठ दिवस खालचा भाग टोचेल. टोचला तर सोसत बसू नकोस, त्यांच्याकडे जा, त्या घासून देतील. तुला सोसायची सवय आहे म्हणून सांगतो. रात्री काढून पाण्यात ठेव. सुरुवातीला मऊ खा, दोन्ही बाजूंनी चाव. आणि मोठ्याने वाच. वर्तमानपत्र वाच, काहीही वाच, म्हणजे जिभेला नव्या दातांची सवय होईल. "स" परत येतो, ताई. आठवडा लागतो, फार तर दोन.

माफी मागण्याचं तोंड मला नाही, तरी मागतो. तुझी मागतो. तिची अजून मागितलेली नाही. हे पत्र आधी तिच्या हातात देणार आहे, तिने वाचलं की मगच पेटीत जाईल. एवढं लिहायला मी दुपारची सुट्टी कधीच ओलांडली आहे, आणि मालक काचेतून दोनदा बघून गेले.

तुझा धाकटा भाऊ

वन्सं,

वरचं सगळं मी वाचलं. दोनदा वाचलं. हे समोर बसलेत, मी त्यांच्याकडे बघत नाहीये. माझं माफीचं पत्र त्यांच्याकडून परत मागून घेतलं आणि फाडलं.

शुक्रवारी तुमचे दात बसतील असं दिसतंय. रविवारी सकाळी मी येते. एकटीच येईन, यांना आणणार नाही, आणि यांचं जेवणही झाकून ठेवणार नाही. तुमच्याकडे जेवेन. मऊच करा, मलाही चालेल.

तो मोठा फोटो यांनी लॅबमध्ये टेबलासमोर लावलाय म्हणे. त्यात तुम्ही नाही, तशी मीही नाही. चार वर्षांत यांनी कधी विचारलं नाही की मुलीची आई कुठे गेली होती. तुम्ही तशाच बाहेर पडलात ते मी बघितलं आणि तुमच्यामागे हाका मारत फाटकापर्यंत धावत आले होते. तुमची गाडी वळली होती. परत आले तोवर फोटो काढून झाला होता.